चारशे बारा संध्याकाळी

डॉ. मृदुला खैरमोडे यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्या दिवशी त्यांच्या संशोधन केंद्रात कंदी पेढ्यांचे दोन पुडे फुटले. तसं पाहिलं तर २०३८ सालात शोधनिबंधाचं अप्रूप कुणाला राहिलं नव्हतं. लिहायला यंत्र, तपासायला यंत्र आणि वाचायलाही बहुतेक यंत्रच, अशी त्या धंद्याची अवस्था झाली होती. पण हा निबंध वेगळा होता. माणदेशातल्या बारा गावांतले तीनशे बारा मधुमेही, त्यांच्या दंडाला दहा महिने चिकटवलेली पट्टी, आणि ती पट्टी दर पाच मिनिटांनी मोजत असलेली साखर. त्या कोरड्या मुलखात जाऊन एवढी मेहनत याआधी कुणी केली नव्हती. शिवाय केंद्राचे प्रमुख डॉ. विद्याधर करंबेळकर महिनाअखेरीला निवृत्त होणार होते, आणि सहलेखक म्हणून हा त्यांचा शेवटचा निबंध होता. मृदुलाला त्यांनीच घडवलं होतं. पेढ्यांचे पैसेही त्यांनीच दिले होते.

रुक्साना मुजावर ही केंद्राची आरोग्यसेविका. बारा गावांत स्कूटर दामटत जाऊन पट्ट्या लावायच्या, बदलायच्या आणि नोंदी करायच्या, हे सगळं तिनेच केलं होतं. तिने पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि सहज विचारावं तसं विचारलं, “मॅडम, चतुर्थीचं कुठं घातलंय?”

“कसली चतुर्थी?”

रुक्सानाला वाटलं, मॅडम थट्टा करताहेत. मग तिने सांगितलं. खरातवाडी आणि आसपासच्या दोन गावांत सेहेचाळीस बायका संकष्टी धरतात. साबुदाण्याची खिचडी हाणून करायचा उपास नव्हे. सकाळी एक कप कोरा चहा, आणि त्यानंतर चंद्र उगवेपर्यंत पाणी. त्या दिवशी संध्याकाळी त्यांची साखर धाडकन खाली येते. तिने दर महिन्याला प्रत्येकीच्या नोंदीत शेवटच्या रकान्यात, म्हणजे शेऱ्यात, हे लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी मॅडमनी बजावलं होतं ना, की मनात आलेली फालतू गोष्टसुद्धा लिहायची.

मृदुलाने निबंध उघडून शोधलं. चतुर्थी नव्हती, उपास नव्हता. होतं ते एक वाक्य, तेही ठळक अक्षरांत: संध्याकाळच्या वेळी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याची एकही नोंद आढळली नाही. याच वाक्याच्या जोरावर निबंधाने पुढे सुचवलं होतं, की सकाळच्या गोळीचा डोस दीडपट करायला हरकत नाही.

तिच्या तोंडचा पेढा तोंडातच राहिला.

इथे गोळीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ही गोळी स्वस्त, जुनी आणि खेड्यापाड्यांत सर्रास दिली जाणारी. ती स्वादुपिंडाला दामटून इन्शुलिन काढायला लावते. माणूस जेवला आहे की उपाशी आहे, याची ती चौकशी करत नाही. जेवणाऱ्याला तिचा गुण येतो. उपाशी माणसाची साखर मात्र ती उतरवतच नेते. आधी घाम, मग थरथर, मग डोळ्यांपुढे अंधारी, आणि फारच उतरली तर माणूस शुद्ध हरपून पडतो. वेळेत गोड काही मिळालं नाही तर उठतही नाही.

आणि आकडे कुठे गेले? मृदुलाने दार लावून घेतलं आणि ‘लेखनिका’ला विचारलं. लेखनिक म्हणजे निबंध लिहिणारं यंत्र. तुम्ही कच्च्या नोंदी द्यायच्या, तो त्या स्वच्छ करतो, तक्ते मांडतो, निष्कर्ष सुचवतो, आणि प्रत्येक टप्प्यावर आपली सूचना तुमच्यापुढे ठेवतो. तुम्ही ‘मान्य’ म्हणायचं की तो पुढे जातो. त्या आठवड्यात मृदुलाच्या मागे लागलेली कामं, सरांची घाई आणि नियतकालिकाची मुदत या सगळ्यांत तिने चौदा सूचनांवर चौदा वेळा ‘मान्य’ म्हटलं होतं. त्यातल्या किती वाचल्या होत्या, हे आता तिला स्वतःलाही सांगता येईना.

लेखनिकाने काहीही लपवलं नाही. साखर उतरल्याच्या चारशे बारा संध्याकाळी होत्या, तो म्हणाला. एकूण नोंदींच्या मानाने त्या अर्धा टक्कासुद्धा नव्हत्या. माणूस पट्टीच्या अंगावर रेलून झोपला की तिथला रक्तपुरवठा दबतो आणि पट्टी खोटा, खालचा आकडा दाखवते, हा दोष सगळ्यांना ठाऊक असलेला. या नोंदी तशाच असाव्यात असं धरून त्याने त्या काढल्या होत्या, आणि आदल्या-नंतरच्या दिवसांवरून बेतलेले आकडे त्यांच्या जागी बसवले होते. सूचना क्रमांक नऊ. शेऱ्याचा रकाना मोकळा मजकूर म्हणून सोडून दिला होता. सूचना क्रमांक अकरा. दोन्हींपुढे मृदुलाची मान्यता होती, तारीख-वेळेसकट.

संध्याकाळी सात वाजता खेड्यातल्या बायका दंडावर रेलून झोपतात, असं त्या यंत्राला वाटलं होतं. आणि सात वर्षं त्याच बायकांच्या ओट्यावर चहा पिणाऱ्या मृदुलाने त्याला मान डोलावली होती.

तिने त्या चारशे बारा तारखा पंचांगाशी ताडून पाहायला सांगितलं. लेखनिकाने क्षणात ताडून दाखवल्या. चारशे नऊ संकष्टीच्या होत्या.

दुपारी ती रुक्सानाच्या स्कूटरवर मागे बसून खरातवाडीला गेली. अनसूया मदने अंगणात शेंगा फोडत बसली होती. साठीला टेकलेली, अंगाने काटक, आणि बारा गावांत गोळीच्या बाबतीत सगळ्यांत शिस्तीची म्हणून केंद्रात तिचं नाव निघायचं. मृदुलाने तिच्यासमोर बसकण मारली आणि आडवळण न घेता विचारलं, की संकष्टीला संध्याकाळी काय होतं.

अनसूयाने आधी रुक्सानाकडे पाहिलं. मग म्हणाली, फार काही नाही, जरा हातपाय कापतात, घाम सुटतो. देव परीक्षा बघतो. चंद्र उगवला, घास पोटात गेला की बरं वाटतं. गेल्या साली तिची जाऊ चुलीपुढेच आडवी झाली होती, कपाळाला खोक पडली. तेव्हापासून बायका त्या दिवशी चुलीजवळ एकटीला बसू देत नाहीत. म्हणजे गावाने आपल्यापुरता बंदोबस्त करून टाकला होता. डॉक्टरांना तेवढं कळवलं नव्हतं.

“काकू, उपाशी असताना गोळी का घेता?”

“तुमीच म्हनलासा, गोळी चुकवायची न्हाई. म्या एक दिस चुकवली न्हाई.” अनसूयाचा आवाज किंचित दुखावलेला होता. “उपासाचं तुमी कवा इचारलं न्हाई. आन् आमी सांगितलं तर तुमी उपास मोडा म्हनला असता.”

मृदुला नेमकं तेच म्हणाली असती.

परतीच्या वाटेवर ती दिवस मोजत होती. पूर्वी एखादा निबंध चुकला तर तो कपाटात चुकीचा पडून राहायचा, कुणाचं फारसं बिघडत नसे. आता तसं नव्हतं. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांच्या टेबलावर ‘मार्गदर्शिका’ नावाची यंत्रप्रणाली होती. नवे निबंध ती स्वतः वाचायची, आणि दर महिन्याच्या एक तारखेला औषधांचे डोस अद्ययावत करायची. एक तारखेला आठ दिवस उरले होते. संकष्टी चार तारखेला होती. म्हणजे अनसूयाच्या पुडीत दीडपट गोळी पडणार, आणि चौथ्या दिवशी ती नेहमीच्या शिस्तीने ती गिळून चंद्राची वाट बघत बसणार. आणि अनसूया एकटी नव्हती. मार्गदर्शिका साऱ्या राज्यात होती, आणि उपास करणाऱ्या बायकाही साऱ्या राज्यात होत्या.

करंबेळकर सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, दुरुस्ती पाठवू. रीतसर. सगळ्या लेखकांच्या सह्या घेऊन.

मृदुलाने नियम काढून ठेवलेच होते. दुरुस्तीला सहाही लेखकांच्या सह्या लागत, मग तपासणी, एकूण एकवीस दिवस. तोवर वाढीव डोस लागू झालेला असणार. दुसरा मार्ग एकच होता. निबंधाच्या शेवटी प्रत्येक लेखकगटाला एक निवेदन द्यावं लागे: यंत्राचा वापर कुठे आणि किती केला. मृदुलाने तिथे लिहिलं होतं, ‘केवळ भाषा सुधारण्यासाठी’. सगळेच लिहीत. आकडे यंत्राने स्वच्छ केले असं तिने लिहिलं असतं, तर मार्गदर्शिका थांबली असती आणि जित्याजागत्या तज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय डोसला हात लावला नसता. निवेदन खोटं होतं असं एका लेखकाने जरी सहीनिशी कळवलं, तरी निबंध त्याच दिवशी बाद होई. मात्र कळवणाऱ्याने खोटं आपण लिहिलं हे कबूल करायचं, आणि पुढची तीन वर्षं त्याच्या नावाने कुठेही काही छापलं जाणार नाही.

“अगं, ते वाक्य ठराविक असतं,” सर म्हणाले. “गेली पाच वर्षं मीही तेच लिहितोय. ते वाचतं कोण?”

“मार्गदर्शिका वाचते, सर. आणि खरं धरते.”

मग सरांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की तिचं वय अडतीस आहे, प्रमुखपदाची निवड दोन महिन्यांवर आहे, आणि तीन वर्षं नाव गेलं की या क्षेत्रात माणूस पुसला जातो. आरोग्य केंद्रांना आपण फोन करू, बायकांना निरोप देऊ. मृदुलाने विचारलं, राज्यभरातल्या किती केंद्रांना फोन करायचे? आणि फोनवर सांगितलं म्हणून कुठला डॉक्टर मार्गदर्शिकेच्या विरुद्ध गोळी देईल? सर इतकंच म्हणाले, “माझा शेवटचा निबंध आहे हा, मृदुला.”

या वाक्याने मात्र ती हलली. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी तिला सह्यांचा कागद पुढे ओढावासा वाटला. एम.डी.ला नापास झाल्यावर घरी तोंड दाखवायची लाज वाटत होती, तेव्हा याच माणसाने तिला या खोलीत बसवून परत अभ्यासाला लावलं होतं. ती बाहेर आली, बेसिनशी जाऊन मनसोक्त रडली, तोंड धुतलं आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

लेखनिक तत्पर होता. कबुलीपत्राचा मसुदा करून देऊ का, असं त्याने विचारलं, आणि तिने काही म्हणायच्या आत पहिल्या दोन ओळी दाखवल्यासुद्धा. ‘अनवधानाने राहून गेलेल्या प्रक्रियात्मक त्रुटीमुळे’ अशी त्यांची सुरुवात होती. भाषा झकास होती. तिने ती पुसली आणि स्वतः टंकायला घेतलं:

‘या निबंधातले चारशे बारा संध्याकाळींचे आकडे यंत्राने घातलेले आहेत. ते घालण्याची सूचना मी न वाचता मान्य केली. यंत्राचा वापर केवळ भाषेसाठी केला, असं मी लिहिलं ते खोटं होतं. हे बाकीच्या लेखकांना माहीत नव्हतं. काढलेले आकडे खरे होते, आणि ते उपाशी बायकांचे आहेत. डोस वाढवू नये.’

सगळं मिळून सहा वाक्यं. त्यांतही ती ‘बाकीच्यांना माहीत नव्हतं’ या वाक्यापाशी थोडी अडखळली, कारण सरांनी तरी कुठे विचारलं होतं? पण माहीत नव्हतं हे खरंच होतं, म्हणून तिने ते ठेवलं.

नियतकालिकाच्या संपादिकेचा तासाभरात फोन आला. बाई थकलेल्या वाटत होत्या. परिणामांची कल्पना आहे ना, असं त्यांनी तीनदा विचारलं, आणि तीनही वेळा मृदुलाने हो म्हटलं. शेवटी त्या म्हणाल्या, की गेल्या सहा वर्षांत असं पत्र स्वतःहून पाठवणारी ती दुसरीच. पहिल्याचं काय झालं, हे मृदुलाने विचारलं नाही. संध्याकाळी निबंधावर ‘बाद’ असा शिक्का उमटला, आणि मार्गदर्शिकेच्या येत्या बदलांतून गोळीची ओळ नाहीशी झाली.

केंद्रात दुसऱ्या दिवसापासून लोक तिच्याशी जपून बोलू लागले. एरवी जे तिला चहाला हाक मारत, ते चहा पिऊन आल्यावर भेटू लागले. सरांच्या निरोपसमारंभात ती मागच्या रांगेत बसली. सरांनी सगळ्यांची नावं घेतली, माळ्याचंसुद्धा घेतलं, तिचं घेतलं नाही. तिला ते लागलं, चांगलंच लागलं. पण आपण केलं ते परत करायची वेळ आली तर परत करू की नाही, असं तिने टाळ्यांच्या गजरात स्वतःला विचारून पाहिलं आणि उत्तर शोधायला तिला वेळ लागला नाही.

तरी एक काम बाकी होतं. डोस वाढला नव्हता हे खरं, पण जुन्या डोसनेही जाऊ चुलीपुढे पडलीच होती. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे ठरवायचं तर कोण उपास धरतं, कसा धरतं, हे कळायला हवं होतं. आणि ते बायकांनी सांगितल्याखेरीज कळणार नव्हतं. निबंध छापता येणार नव्हता म्हणून काम करायला कुणी बंदी घातली नव्हती. छापायचा झाला तर तो रुक्सानाच्या नावाने छापायचा, असं मृदुलाने ठरवून टाकलं. रुक्साना ऐकून गांगरली. मला इंग्रजी कुठं येतं, म्हणाली. ते काम लेखनिक करील, मृदुलाने सांगितलं, आणि त्याने काय काय केलं ते आपण दोघी मिळून लिहू, एकूण एक.

एक तारखेला खरातवाडीच्या समाजमंदिरात बायका जमल्या. सगळ्या मिळून तीसेक असतील. काय ऐकायला मिळणार, याची त्यांना कल्पना होती. डॉक्टरीनबाई उपास सोडा म्हणणार, आपण मान हलवायची आणि घरी जाऊन जे करायचं ते करायचं.

मृदुलाने उपासाचा विषयच काढला नाही. तिने आपली गोष्ट सांगितली. यंत्राने तुमच्या संध्याकाळी पुसल्या, आणि मी न वाचता हो म्हटलं. वर यंत्र फक्त भाषेपुरतं वापरलं म्हणून लिहून दिलं. तुमची गोळी त्यामुळे दीडपट होणार होती. आता होणार नाही, पण होता होता राहिली. माझं नाव तीन वर्षं छापून येणार नाही, आणि ते बरोबर आहे.

डॉक्टरने आपल्या तोंडाने आपली चूक सांगितल्याचं बायकांपैकी कुणी आजवर ऐकलं नव्हतं. मागून एकीने विचारलं, की मग हे सांगायला एवढ्या लांब का आलात?

“तुमच्याच दंडावरचे आकडे होते,” मृदुला म्हणाली. “तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. उशीर झाला.”

सभा संपली, बायका पांगल्या. परतताना रुक्साना म्हणाली, की एकीने तरी आपल्या उपासाबद्दल तोंड उघडायला हवं होतं. मृदुलालाही तसंच वाटत होतं, पण पुन्हा येऊ, आणि नाही बोलल्या तर त्याच्या पुढच्या महिन्यात येऊ, असं ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं.

तीन तारखेला सकाळी साडेआठला ती गावच्या उपकेंद्रावर पोचली. एरवी त्या वेळी तिथे चिटपाखरू नसायचं. आज पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या, ओट्यावर बसल्या होत्या, भिंतीच्या सावलीला उभ्या होत्या. रुक्सानाने मोजल्या तर त्रेपन्न निघाल्या. म्हणजे तिच्या यादीतल्या सेहेचाळीस आणि शिवाय सात जणी, ज्यांनी तिलासुद्धा कधी काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांत पुढे अनसूया होती, तिच्या मागे कपाळावर खोकेची खूण असलेली तिची जाऊ.

अनसूया आत आली. तिने पदर सारखा केला, पिशवीतून गोळ्यांची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

“उद्या माजा उपास हाय, डाक्टरीनबाई,” ती म्हणाली. “म्या मोडनार न्हाई. आता गोळीचं काय करायचं, ते तुमी सांगा.”

मृदुलाने तिला खुर्चीवर बसवलं, स्वतःची खुर्ची तिच्या जवळ ओढून घेतली आणि विचारलं, “सकाळच्या चहानंतर काय काय घेता, ते आधी मला नीट सांगा.”